लॉर्ड सॉल्झबरी : बदलाला थोपवून धरणाऱ्या मुत्सद्द्याची कारकीर्द

रॉबर्ट गॅस्कॉइन-सेसिल, तिसरे मार्क्विस ऑफ सॉल्झबरी (३ फेब्रुवारी १८३० – २२ ऑगस्ट १९०३) हे ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे नेते, दोन वेळा भारतमंत्री, चार वेळा परराष्ट्रमंत्री आणि तीन वेळा पंतप्रधान होते. पंतप्रधानपदावर त्यांनी एकूण तेरा वर्षांहून अधिक काळ काढला आणि तो सारा काळ ते उमरावसभेचे सदस्य होते. कारकीर्द संपेपर्यंत उमरावसभेत बसून ब्रिटनचा कारभार पाहणारे ते शेवटचे पंतप्रधान ठरले.

मराठी वाचकांना ग्लॅडस्टन आणि डिझरायली यांची नावे जितकी परिचित आहेत, तितके सॉल्झबरींचे नाव नाही. तथापि बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर करण्यात आले तेव्हा भारतमंत्री तेच होते. गोव्याच्या मिठागरांवर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण आणणारा तह झाला तेव्हा परराष्ट्रमंत्रीही तेच होते आणि १८९० मध्ये लिस्बनच्या राजसत्तेला हादरा देणारा निर्वाणीचा खलिताही त्यांच्याच सरकारने धाडला.

राज्यकर्त्याने शक्यतो हस्तक्षेप टाळावा आणि अटळ बदल जितका लांबणीवर टाकता येईल तितका टाकावा, अशी त्यांची धारणा होती. या धारणेने त्यांना दीर्घकाळ सत्ता मिळवून दिली. तिची किंमत मात्र पुष्कळदा मतदार नसलेल्या प्रजेने मोजली.

घराणे आणि जडणघडण

सेसिल घराणे इंग्लंडच्या राजकारणात सोळाव्या शतकापासून प्रतिष्ठित होते. पहिल्या एलिझाबेथ राणीचे मुख्य सल्लागार विल्यम सेसिल आणि पुढे पहिल्या जेम्स राजाचे मंत्री रॉबर्ट सेसिल हे या घराण्याचे पूर्वज. लंडनच्या उत्तरेस असलेला हॅटफील्डचा वाडा रॉबर्ट सेसिल यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. त्याच वाड्यात सॉल्झबरींचा जन्म झाला आणि तेथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे बालपण सुखाचे नव्हते. आई लवकर वारली. ईटन येथील विख्यात शाळेत सहाध्यायांनी केलेला छळ इतका असह्य झाला की, वडिलांनी त्यांना पंधराव्या वर्षी शाळेतून काढून घेतले. ऑक्सफर्डमधील शिक्षणातही प्रकृतीच्या तक्रारींमुळे व्यत्यय आला. त्यानंतर त्यांनी केप कॉलनी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असा दीर्घ सागरी प्रवास केला. मनुष्यस्वभावाविषयीचा त्यांचा निराशावाद आणि जमावाविषयीची धास्ती यांची मुळे अनेक चरित्रकारांना या एकाकी बालपणात दिसतात.

संसदेत प्रवेश आणि वृत्तपत्रीय लेखन

१८५३ मध्ये ते स्टॅमफर्ड मतदारसंघातून कॉमन्स सभेवर बिनविरोध निवडून आले. हा मतदारसंघ त्यांच्याच नात्यातील एका उमरावाच्या प्रभावाखाली होता. १८५७ मध्ये त्यांनी न्यायाधीश सर एडवर्ड ऑल्डरसन यांची कन्या जॉर्जिना यांच्याशी विवाह केला. मुलगी तोलामोलाच्या घरातील नाही, म्हणून वडिलांनी या विवाहाला विरोध केला. परिणामी पुढील काही वर्षे या उमरावपुत्राला संसार चालविण्यासाठी लेखणीचा आधार घ्यावा लागला. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ आणि ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकांतून त्यांनी विपुल लेखन केले. बहुसंख्याकांच्या हाती निरंकुश सत्ता गेल्यास मालमत्ता आणि स्वातंत्र्य दोन्ही धोक्यात येतील, हे त्या लेखनाचे मुख्य सूत्र होते.

१८६५ मध्ये थोरले बंधू निवर्तल्याने ते घराण्याचे वारस झाले आणि व्हायकाउंट क्रॅनबोर्न या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी लॉर्ड डर्बी यांच्या मंत्रिमंडळात त्यांना भारतमंत्रिपद मिळाले.

ओरिसाचा दुष्काळ

जुलै १८६६ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला तेव्हा ओरिसात दुष्काळाने थैमान घातले होते. संकटाचा इशारा मिळूनही नव्या भारतमंत्र्यांनी दोन महिने कोणतीही हालचाल केली नाही. पावसाळ्यामुळे ओरिसाची बंदरे बंद झाली आणि बाहेरून धान्य पोहोचविणे अशक्य होऊन बसले. या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. तेथील लोकसंख्येच्या सुमारे तृतीयांश इतकी ही हानी होती.

हिंदुस्थान आणि बंगाल येथील सरकारांनी कसलीही पूर्वतयारी केली नव्हती, हे सॉल्झबरींनी पुढे नमूद केले. त्याचबरोबर या अनर्थाच्या दोषातून आपण स्वतः पूर्णतः मुक्त आहोत असे कधीच वाटले नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली. त्या काळच्या ब्रिटिश मंत्र्यांत अशी कबुली विरळा होती. तज्ज्ञ म्हणविणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीचा त्यांचा अविश्वास या प्रसंगानंतर दृढ झाला, असे मानले जाते.

हे मंत्रिपद फार काळ टिकले नाही. डिझरायली यांनी मताधिकाराचा विस्तार करणारे विधेयक पुढे रेटताच, पक्षाने आपली तत्त्वे विकली असा आरोप करून मार्च १८६७ मध्ये क्रॅनबोर्न यांनी दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. १८६८ मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते तिसरे मार्क्विस झाले आणि कॉमन्स सभेतून उमरावसभेत गेले.

पुन्हा भारतमंत्री : बडोदा प्रकरण

१८७४ मध्ये डिझरायली पंतप्रधान झाले, तेव्हा जुना बेबनाव बाजूस ठेवून सॉल्झबरी पुन्हा भारतमंत्री झाले. त्याच वर्षी बडोद्यात मोठा पेच उभा राहिला. मल्हारराव गायकवाड यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या होत्या. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांच्यात उघड वैर होते. दादाभाई नौरोजी यांनी दिवाण म्हणून कारभाराची घडी बसविण्याचा प्रयत्न केला. तथापि नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंटला सरबतातून विष देण्याचा प्रयत्न झाल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशय महाराजांवर आला.

चौकशीसाठी सर रिचर्ड काउच यांच्या अध्यक्षतेखाली सहा सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. त्यात तीन इंग्रज होते, तर ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे असे तीन हिंदी सदस्य होते. इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले. हिंदी सदस्यांना तसे वाटले नाही. आयोगाची अशी समसमान विभागणी झाल्यावर सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि लंडनच्या संमतीने ‘गैरकारभार’ या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत केले. महाराणी जमनाबाई यांनी मे महिन्यात ज्या मुलाला दत्तक घेतले, तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून कीर्तिमान झाले.

या निर्णयाने एक पायंडा पडला. न्यायालयीन स्वरूपाच्या चौकशीत दोष सिद्ध न होताही एखाद्या संस्थानिकाला केवळ कारभाराच्या कारणावरून दूर करता येते, हे देशभरातील संस्थानांनी पाहिले.

मुलकी सेवा, दुष्काळ आणि मुद्रणबंधने

सॉल्झबरींच्या याच कार्यकाळात हिंदुस्थानच्या मुलकी सेवेच्या परीक्षेसाठी कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णय झाला. परीक्षा लंडनमध्ये होत असल्याने हिंदी तरुणांना तेथे पोहोचून यश मिळविणे आता जवळजवळ अशक्य झाले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी या निर्णयाविरुद्ध देशभर दौरा केला. अखिल भारतीय राजकीय चळवळीच्या उभारणीत त्या दौऱ्याला महत्त्वाचे स्थान आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी काटकसरीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना धाडले. टेंपल यांनी मदतकार्यावरील मजुरांचा रोजचा धान्याचा हिशेब कमी करून सुमारे एका पौंडावर आणला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. या दुष्काळात ५० लाखांहून अधिक लोक दगावल्याचा अंदाज आहे. ओरिसाच्या आठवणीने व्यथित होणाऱ्या भारतमंत्र्यांनी लिटन यांच्या धोरणाला वेसण घातली नाही, ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत ठळक विसंगती होय. मार्च १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला, तोही त्यांच्या मंत्रिपदाच्या अखेरच्या दिवसांत. पुढे लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत तो रद्द झाला.

बर्लिन परिषद आणि गोव्याचा मीठ-तह

एप्रिल १८७८ मध्ये सॉल्झबरी परराष्ट्रमंत्री झाले. रशियाने तुर्कस्तानचा पराभव करून सॅन स्टेफानोच्या तहाने बाल्कन प्रदेशात आपले वर्चस्व प्रस्थापित केले होते. ब्रिटनने दबाव वाढविण्यासाठी मुंबईहून सुमारे ७,००० हिंदी सैनिक माल्टा बेटावर धाडले. जून-जुलै १८७८ मधील बर्लिन परिषदेत विशाल बल्गेरियाची योजना मोडीत निघाली आणि तत्पूर्वीच्या वेगळ्या कराराने सायप्रस ब्रिटनच्या ताब्यात आले. परिषदेचे श्रेय डिझरायली यांना मिळाले. पडद्याआडच्या बहुतेक वाटाघाटी मात्र सॉल्झबरींनी पार पाडल्या होत्या.

त्याच वर्षी २६ डिसेंबर रोजी लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. गोव्याच्या इतिहासात त्याचे परिणाम दूरवर उमटले. या तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात जकात-ऐक्य स्थापन झाले. गोव्यातील मीठ-उत्पादनावर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे नियंत्रण आले. त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये देण्याचे ठरले. मुरगाव बंदराचा विकास आणि तेथून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत जाणारा लोहमार्ग यांचाही या व्यवस्थेत अंतर्भाव होता.

जानेवारी १८८० पासून बारा वर्षे हा तह अमलात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा मिठावरील कर सुरक्षित राखणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. मिठागरांवर पोट असणाऱ्या गोव्यातील कुटुंबांना त्याची झळ बसली. १८९२ मध्ये मुदत संपल्यावर तहाचे नूतनीकरण झाले नाही. मागे उरला तो लोहमार्ग आणि मुरगाव बंदर. आजही गोव्याचा मोठा मालव्यवहार त्यांच्यावर अवलंबून आहे.

पंतप्रधानपद आणि आयर्लंड

१८८१ मध्ये डिझरायली निवर्तले आणि उमरावसभेतील हुजूर पक्षाचे नेतृत्व सॉल्झबरींकडे आले. १८८४ मध्ये ग्लॅडस्टन यांनी मताधिकार पुन्हा विस्तारला, तेव्हा सॉल्झबरींनी १८६७ प्रमाणे राजीनाम्याचा मार्ग धरला नाही. मताधिकार वाढवायचा तर मतदारसंघांची फेररचनाही झाली पाहिजे, ही अट त्यांनी मान्य करवून घेतली. बहुतेक ठिकाणी एका मतदारसंघातून एकच सदस्य निवडण्याची पद्धत आली. शहरांच्या उपनगरांत राहणारा नवा मध्यमवर्ग स्वतंत्र मतदारसंघांत एकवटला आणि तो हुजूर पक्षाकडे वळला. ज्या लोकशाहीची त्यांना भीती वाटत होती, तिच्यातच निवडणूक जिंकण्याची वाट त्यांनी अशी शोधली.

जून १८८५ मध्ये ते प्रथम पंतप्रधान झाले. हे सरकार काही महिनेच टिकले. तेवढ्या अवधीत ब्रह्मदेशाशी तिसरे युद्ध होऊन १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश साम्राज्यात सामील झाल्याची घोषणा झाली. त्यानंतर सत्तेवर आलेल्या ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक मांडले. ८ जून १८८६ रोजी ते ३४१ विरुद्ध ३११ मतांनी फेटाळले गेले. उदारमतवादी पक्ष दुभंगला आणि सॉल्झबरी पुन्हा सत्तेवर आले. आयर्लंडला स्वराज्याची नव्हे, तर वीस वर्षांच्या खंबीर राज्यकारभाराची गरज आहे, असे त्यांनी त्याच वर्षी प्रतिपादन केले होते आणि प्रत्येक समाज स्वराज्यास पात्र नसतो, हे सांगताना आफ्रिकेतील हॉटेंटॉट लोकांचा दाखला दिला होता. १८९३ मध्ये स्वराज्याचे दुसरे विधेयक कॉमन्स सभेत संमत झाले, तेव्हा सॉल्झबरींच्या नेतृत्वाखाली उमरावसभेने ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले.

देशांतर्गत कारभारात मात्र त्यांच्या सरकारने काही महत्त्वाच्या सुधारणा केल्या. १८८८ मध्ये लोकनियुक्त परगणा-मंडळे आली, तर १८९१ मध्ये प्राथमिक शिक्षण बव्हंशी निःशुल्क झाले. गरिबांच्या घरांचा प्रश्न त्यांनी स्वतः १८८३ मध्ये लेख लिहून ऐरणीवर आणला होता.

एडिंबरोचे भाषण

३० नोव्हेंबर १८८८ रोजी एडिंबरो येथील भाषणात सॉल्झबरींनी होबर्न मतदारसंघातील निवडणुकांचा संदर्भ देताना, ब्रिटिश मतदार एखाद्या ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील असे आपणास वाटत नाही, असे उद्गार काढले. रोख दादाभाई नौरोजी यांच्यावर होता. १८८६ मध्ये त्यांनी त्याच मतदारसंघातून निवडणूक लढवून पराभव पत्करला होता. बडोद्याच्या दिवाणपदावरून राजीनामा देऊन बाहेर पडलेले दादाभाई आणि तेव्हाचे भारतमंत्री यांची अशी पुन्हा एकदा गाठ पडली.

या उद्गारांचा ब्रिटनमध्येच तीव्र निषेध झाला. वृत्तपत्रांतून दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले. १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांच्या आघाडीने कॉमन्स सभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीनंतर सॉल्झबरींना सत्ता सोडावी लागली.

गुलाबी नकाशा आणि लिस्बनचा अपमान

आफ्रिकेतील अंगोला आणि मोझांबिक या आपल्या वसाहती सलग प्रदेशाने जोडण्याचे पोर्तुगालचे स्वप्न होते. अधिकृत नकाशात तो प्रदेश गुलाबी रंगात दाखविल्यामुळे ही योजना ‘गुलाबी नकाशा’ म्हणून प्रसिद्ध झाली. ब्रिटनला त्याच भागातून केपपासून उत्तरेकडे विस्तार हवा होता. ११ जानेवारी १८९० रोजी सॉल्झबरींच्या सरकारने वादग्रस्त प्रदेशातून सैन्य मागे घेण्याचा निर्वाणीचा खलिता पोर्तुगालला दिला. शतकानुशतकांच्या मित्रराष्ट्राकडून आलेल्या या धमकीपुढे लिस्बनने मान तुकविली.

पोर्तुगालमध्ये संतापाची लाट उसळली. तेथील सरकार कोसळले. पुढच्या वर्षी पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला. तो मोडून काढण्यात आला, तरी राजसत्तेची प्रतिष्ठा सावरली नाही आणि ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले. राजसत्तेच्या पतनाला इतरही कारणे होती. तरीही १८९० च्या मानहानीने प्रजासत्ताकवाद्यांना प्रबळ हत्यार दिले, याविषयी इतिहासकारांत फारसे दुमत नाही. याच प्रजासत्ताकाच्या काळात गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क लाभले आणि मराठी शिक्षण व वृत्तपत्रव्यवसायाला मोकळा श्वास घेता आला. सॉल्झबरींच्या खलित्यामागे हा हेतू स्वप्नातही नव्हता.

१४ ऑक्टोबर १८९९ रोजी, बोअर युद्ध सुरू होताच, त्याच सॉल्झबरींच्या सरकारने पोर्तुगालशी गुप्त करार करून वसाहतींच्या रक्षणाविषयीची सतराव्या शतकातील वचने पुन्हा मान्य केली. १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर असताना पोर्तुगालने या जुन्या मैत्रीच्या आधारे ब्रिटनकडे साहाय्य मागितले. ब्रिटनने ते दिले नाही.

अखेरची राजवट

१८९५ ते १९०२ हा सॉल्झबरींच्या पंतप्रधानपदाचा तिसरा आणि अखेरचा कालखंड. या काळात सुदान पुन्हा जिंकण्यात आला आणि १८९८ मध्ये फॅशोडा येथे फ्रान्सशी युद्धाचा प्रसंग टळला. याच वर्षांत मुंबई आणि पुण्यात प्लेगने कहर केला. प्लेग-प्रतिबंधाच्या जुलमी अंमलबजावणीतून पुण्यात रँड यांचा वध झाला आणि १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. लंडनमधील भारतमंत्रिपद तेव्हा लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्याकडे होते.

१८९९ मध्ये सुरू झालेले बोअर युद्ध ब्रिटनला अपेक्षेहून फार महाग पडले. छावण्यांत डांबलेल्या बोअर स्त्रिया आणि मुलांपैकी २६ हजारांहून अधिक जण रोगराईने मरण पावले. वेगळ्या छावण्यांतील हजारो कृष्णवर्णीय आफ्रिकनांचाही त्यात बळी गेला. त्याच सुमारास पत्नीचे निधन झाल्याने सॉल्झबरी खचले. १९०० मध्ये त्यांनी परराष्ट्र खाते सोडले आणि युद्ध संपल्यावर जुलै १९०२ मध्ये पंतप्रधानपद भाचे आर्थर बॅल्फर यांच्याकडे सोपविले.

मूल्यमापन

युरोपातील महायुद्ध टाळणे हे सॉल्झबरींच्या परराष्ट्रनीतीचे मोठे यश मानले जाते. कायमस्वरूपी लष्करी युतीत न अडकता, प्रत्येक वाद वेगळा सोडविण्यावर त्यांचा भर होता. आफ्रिकेची वाटणी ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध न होता पार पडली, यात त्यांच्या संयमाचा वाटा होता. वाटणी ज्यांच्या भूमीची झाली, त्यांना मात्र विचारण्यात आले नाही.

त्यांनी लांबणीवर टाकलेले बहुतेक प्रश्न पुढच्या पिढीपुढे अधिक उग्र होऊन उभे राहिले. १९११ मध्ये उमरावसभेचा नकाराधिकार संपुष्टात आला. १९२२ मध्ये आयर्लंडचा बहुतांश भाग रक्तपातानंतर वेगळा झाला. मुलकी सेवेची वयोमर्यादा आणि एडिंबरोचे उद्गार यांनी हिंदी सुशिक्षितांचा ब्रिटिश न्यायबुद्धीवरील विश्वास डळमळीत केला. आफ्रिकेत १८९० मध्ये वसविलेल्या एका नगराला त्यांचे नाव देण्यात आले होते. १९८२ मध्ये स्वतंत्र झिंबाब्वेने ते नाव पुसून आपल्या राजधानीचे नामकरण हरारे असे केले.